सात मिलिसेकंदांचा हिशेब

नागपूरहून भाच्याचा फोन आला तेव्हा खरेदी अर्धी उरकलेली होती.

"मामा, अल्ट्रावाइड मॉनिटर घेतला. चौतीस इंची, १४४ हर्ट्झचा. आता तू फक्त ग्राफिक्स कार्ड सांग."

"आत्ता किती फ्रेम मिळतात?"

"सायबरपंकमध्ये तिसेक."

"कशामुळे?"

"कशामुळे म्हणजे? कार्ड जुनं आहे ना!"

कार्ड जुनं होतंच. २०१९ च्या जानेवारीत बाजारात आलेलं आरटीएक्स २०६०, सहा जीबी मेमरीचं. सोबत त्याच सालचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ५५० वॉटचा एसएमपीएस. पण कार्ड जुनं आहे एवढ्यावर पन्नास-साठ हजारांची खरेदी ठरवणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. तेव्हा कार्डाचं नाव बाजूला ठेवून आम्ही आधी हिशेब मांडला. तोच इथे क्रमाने सांगतो. कार्डांची नावं दर दोन वर्षांनी बदलतात. हिशेब तोच राहतो.

अंगण केवढं?

मॉनिटरवरचं चित्र ठिपक्यांचं असतं आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग कार्डाला काढावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न ठिपक्यांच्या संख्येचा.

नेहमीच्या १९२० × १०८० पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० × १४४० वर ३६,८६,४००. भाच्याच्या अल्ट्रावाइडवर, म्हणजे ३४४० × १४४० वर, ४९,५३,६००. आणि फोर-के म्हणजे ३८४० × २१६० वर ८२,९४,४००. अल्ट्रावाइड हा साध्या १४४०पी पडद्यापेक्षा ३४ टक्के जड आणि फोर-केच्या साधारण ६० टक्के. दोन १४४०पी मॉनिटर शेजारी जोडल्यासारखे ५१२० × १४४० चे लांबलचक पडदेही मिळतात. त्यांचे ७३,७२,८०० ठिपके जवळजवळ फोर-केएवढेच भरतात.

यावरून दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "फोर-के नाही ना, मग मधलं कार्ड चालेल." इथे हिशेबातला दुसरा आकडा विसरला जातो. पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र मागतो? भाच्याचा पडदा १४४ वेळा मागतो. ४९,५३,६०० गुणिले १४४ म्हणजे सेकंदाला सुमारे ७१ कोटी ३३ लाख ठिपके. फोर-केचा ६० हर्ट्झचा पडदा मागतो सुमारे ४९ कोटी ७७ लाख. म्हणजे ज्याला आपण 'फोर-केपेक्षा हलका' म्हणतो तो पडदा पूर्ण वेगाने चालवायचा तर फोर-केच्या साध्या पडद्यापेक्षा ४३ टक्के जास्त काम पडतं.

सात मिलिसेकंद

हेच वेळेच्या भाषेत मांडलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. ६० हर्ट्झवर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १०० हर्ट्झवर १०. १४४ वर ६.९४, म्हणजे जेमतेम सात. १७५ वर ५.७१ आणि २४० वर ४.१७.

या आकड्यांमधली अंतरं नीट बघा. ६० वरून १०० वर गेलं की प्रत्येक फ्रेममागे पावणेसात मिलिसेकंद वाचतात, आणि तो फरक माउस हलवताक्षणी हाताला कळतो. १४४ वरून १७५ वर गेलं की वाचतो फक्त सव्वा मिलिसेकंद. वर जावं तसा प्रत्येक पायरीला खर्च वाढतो आणि हाती लागणारं कमी होत जातं. म्हणून १४४ चा पडदा घेतला म्हणजे १४४ फ्रेम आल्याच पाहिजेत, असा हट्ट धरू नये.

हट्ट सोडायला आणखी एक आधार आहे. आजचे गेमिंग मॉनिटर ठरलेल्या ठोक्यावर चित्र बदलत बसत नाहीत. कार्डाची फ्रेम तयार होईपर्यंत ते थांबतात. एनव्हिडिया याला जी-सिंक म्हणते, एएमडी फ्रीसिंक. मॉनिटरची मर्यादा समजा ४८ ते १४४ हर्ट्झ असेल, तर त्या टप्प्यात फ्रेम कमीजास्त झाल्या तरी चित्र मधूनच फाटत नाही की अडखळत नाही. ही सोय दोन्ही ठिकाणी चालू करावी लागते, मॉनिटरच्या मेन्यूत आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये. फ्रेमची कमाल मर्यादाही १४४ च्या थोडी खाली, १३८ च्या आसपास बांधावी. नाहीतर फ्रेम वरच्या टोकाला आपटून ही सोय त्या क्षणापुरती सुटते.

तेव्हा लक्ष्य खेळ बघून ठरवावं. सायबरपंक २०७७ सारख्या कथेच्या खेळाला ८० ते १०० फ्रेम सुखाच्या. गाड्यांच्या शर्यतीला आणि नेमबाजीला १२० च्या वर. काही खेळांत मात्र हा सगळा हिशेबच फोल ठरतो. २०२२ चा एल्डन रिंग ६० फ्रेमवर बांधलेला आहे आणि रुंद पडद्यावर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दाखवतो. तुम्ही तेच खेळत असाल तर जगातलं सर्वांत महाग कार्डही तुम्हाला एकसष्टावी फ्रेम देणार नाही.

आखणारा आणि रंग भरणारा

आता या सात मिलिसेकंदांत काम कोण कोण करतं ते पाहू.

दिवाळीत मोठ्या अंगणात रांगोळी घालताना कामाची वाटणी होते. एकजण ठिपके मांडून नक्षी आखतो, दुसरा रंग भरत त्याच्या मागून येतो. संगणकात आखणारा प्रोसेसर: कोणतं पात्र कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली का, पडद्यावर काय काय दाखवायचं, हे तो ठरवतो आणि कार्डाकडे यादी पाठवतो. रंग भरणारं कार्ड. दोघं एकाच वेळी राबतात. कार्ड एक फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढची आखत असतो. त्यामुळे दोघांच्या वेळेची बेरीज होत नाही. जो सावकाश, त्याच्या वेगाने रांगोळी पुढे सरकते.

अंगण वाढवलं, म्हणजे रिझोल्यूशन वाढवलं, की रंगाचं काम वाढतं. आखणी जवळपास तेवढीच राहते. अल्ट्रावाइडवर कडेचं दृश्य जास्त दिसतं, त्यामुळे दोन-चार नक्ष्या जादा आखाव्या लागतात इतकंच. फ्रेमचा वेग वाढवला की मात्र दोघांचंही काम वाढतं, कारण प्रत्येक फ्रेम नव्याने आखावी लागते.

रुंद आणि वेगवान पडद्याची खरी मेख इथेच आहे. फोर-केवर साठ फ्रेम खेळणाऱ्याला जुना प्रोसेसर सहसा पुरतो, कारण कार्डच आधी थकतं. १४४ फ्रेम मागणाऱ्या पडद्यासमोर प्रोसेसरलाही सातच मिलिसेकंद मिळतात. तो अकरा घेत असेल, तर कार्ड कितीही भारी आणा, ते उरलेले चार मिलिसेकंद हातात रंग घेऊन बसून राहील.

पैसे न खर्चता करायचा प्रयोग

अडतंय कुणामुळे, हे घरच्या घरी अर्ध्या तासात कळतं. आफ्टरबर्नरसारखं मोफत साधन घ्या आणि खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम, फ्रेमचा वेळ व कार्डाचा वापर दिसेल असं करा. फ्रेमला पडद्याच्या ठोक्याशी बांधणारं व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा प्रयोगापुरती बंद ठेवा.

खेळातली गर्दीची जागा निवडा, जसं की बाजार किंवा चौक. नेहमीच्या सेटिंगवर कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड थकलेलं आहे. तो ६०-७० वर रेंगाळत असेल तर कार्ड वाट बघतंय आणि अडचण दुसरीकडे आहे. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नका. बारा धाग्यांच्या प्रोसेसरवर एकूण वापर ४० टक्के दिसत असतानाही खेळाचा मुख्य धागा एकाच कोअरवर पुरता अडकलेला असू शकतो.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. त्याच जागी उभे राहून रिझोल्यूशन आणि रंगकामाची सेटिंग अगदी खाली आणा. अंगण छोटं झालं, रंगाचं ओझं उतरलं. तरीही फ्रेम ज्या आकड्याशी येऊन थांबतात, ती तुमच्या प्रोसेसरची कमाल. कोणतंही नवं कार्ड घेतलंत तरी त्या खेळात, त्या जागी, तुम्ही त्या आकड्याच्या वर जाणार नाही. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणं, वापरणार असाल तर प्रयोगातही ते चालू ठेवा, कारण त्याने प्रोसेसरचं कामही वाढतं.

भाच्याने प्रयोग केला. पूर्ण रिझोल्यूशनवर तीस फ्रेम, कार्ड ९९ टक्क्यांवर. म्हणजे कार्ड थकलेलं, हे त्याचं म्हणणं बरोबर निघालं. पण सगळं खाली आणल्यावर फ्रेम चढत चढत नव्वदीच्या आसपास थांबल्या. फोनवर जरा शांतता पसरली. "म्हणजे सर्वांत महाग कार्ड घेतलं तरी नव्वदच?" हो. या प्रोसेसरवर नव्वदच.

परीक्षणांतले आकडे कसे वाचायचे

कार्डांच्या चाचण्या बहुतेक १०८०पी, १४४०पी आणि फोर-के अशा तीन पडद्यांवर होतात. अल्ट्रावाइडचा रकाना क्वचितच असतो. तो आपण भरू शकतो, पण फ्रेमच्या आकड्यांची सरळ सरासरी काढून नाही, फ्रेमच्या वेळेवरून.

समजा एका कार्डाने एखाद्या खेळात १४४०पी वर १२० आणि फोर-केवर ६८ फ्रेम दिल्या. वेळेत मांडलं तर ८.३३ आणि १४.७ मिलिसेकंद. ठिपक्यांच्या हिशेबात अल्ट्रावाइड हा या दोन पडद्यांच्या मधल्या अंतरावर साधारण २७.५ टक्क्यांवर बसतो, पावापेक्षा थोडा पुढे. दोन वेळांतला फरक सुमारे ६.३७, त्याचे २७.५ टक्के म्हणजे सुमारे १.७५. तो ८.३३ मध्ये मिळवा: जवळपास १०.१ मिलिसेकंद. १००० भागिले १०.१ म्हणजे सुमारे ९९ फ्रेम. दोन आकड्यांची सरळ सरासरी काढली असती तर ९४ आले असते.

यात एक पथ्य आहे. १४४०पी चा आकडा जर प्रोसेसरमुळे अडलेला असेल तर हे गणित चुकतं. एकाच तक्त्यात तीन-चार महागडी कार्डं १४४०पी वर एकाच आकड्याशी चिकटलेली दिसली, तर समजावं की तिथे कार्डांची परीक्षा झालेलीच नाही.

सरासरीशेजारी 'एक टक्का लो' असा एक आकडा दिलेला असतो. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम कोणत्या वेगाने आल्या, ते तो सांगतो. सरासरी ११० आणि एक टक्का लो ४५ देणाऱ्या कार्डापेक्षा सरासरी १०० आणि लो ८० देणारं कार्ड हाताला जास्त गुळगुळीत लागतं.

मेमरी: भरली की उतू जाते

'पडदा मोठा म्हणून कार्डाची मेमरी जास्त' हे अर्धसत्य आहे. ३४४० × १४४० चं एक साधं रंगचित्र २० एमबीपेक्षाही कमी जागा घेतं. एक फ्रेम घडवताना अशी अनेक मधली चित्रं लागतात, तरी ती काही शे एमबीत मावतात. खरी जागा खातात ती टेक्श्चर, म्हणजे भिंती, कापड, चेहरे यांवरची चित्रं. शिवाय रे ट्रेसिंगसाठी दृश्याची वेगळी मांडणी ठेवावी लागते आणि जादा फ्रेम तयार करणाऱ्या सोयींनाही मेमरी लागते.

ही मेमरी भरली की कार्ड मदरबोर्डवरच्या रॅमकडे धाव घेतं, आणि तो रस्ता फार अरुंद आहे. आरटीएक्स ५०७० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ८९६ जीबी माहिती देते. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या सोळा लेनमधून एका दिशेला सुमारे ३२ जीबी जाते. भाच्याच्या बी४५० बोर्डासारख्या ३.० च्या रस्त्यावरून त्याच्या निम्मी. मेमरी कमी पडली की सरासरी फारशी घसरत नाही, पण वळणावर, दार उघडताना, स्फोट होताना चित्र गचके खातं. टेक्श्चर अंधुक राहतात ते वेगळंच.

म्हणून अल्ट्रावाइडसाठी आज नवं घेताना १६ जीबी हा सुखाचा आकडा, १२ जीबी तडजोडीचा, आणि ८ जीबी टाळावाच. दुकानात सावध राहा: आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात आणि खोक्यावरचं नाव तेच असतं. शिवाय ५०६० टीआय आठच लेन वापरतं, जुन्या ३.० बोर्डावर त्याचा रस्ता आणखी निम्मा होतो. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं.

वाढवलेलं चित्र, मधे घातलेली फ्रेम

एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर आणि इंटेलचं एक्सईएसएस ही तिन्ही एकच युक्ती करतात: चित्र लहान काढायचं आणि आधीच्या फ्रेमची मदत घेत मोठं करून दाखवायचं. अल्ट्रावाइडवर डीएलएसएसचा 'क्वालिटी' पर्याय निवडला की कार्ड प्रत्यक्षात सुमारे २२९३ × ९६० चं चित्र काढतं. ते ठिपके होतात जवळपास २२ लाख, म्हणजे १०८०पी पेक्षा थोडे जास्त. चित्र मोठं करायला काही वेळ जातो, पण रंगकाम निम्म्याहून खाली येतं. ही सोय आरटीएक्स २०६० वरही चालते, म्हणून नवं कार्ड घेण्याआधी ती वापरून बघावी. एफएसआर ४ मात्र एएमडीने २०२५ मध्ये आणलं ते अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेसाठीच.

फ्रेम जनरेशन ही वेगळी गोष्ट. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्ड स्वतः रचलेली फ्रेम घालतं. मधली रचायला पुढची हाती असावी लागते, म्हणून पुढची खरी फ्रेम क्षणभर रोखून धरली जाते. डोळ्याला चित्र गुळगुळीत दिसतं, हाताला मात्र खऱ्या फ्रेमचाच वेग जाणवतो, तोही किंचित उशिराने. खऱ्या ७२ च्या १४४ झाल्या तर मजा येते. एकाच्या चार करणारी सोय वापरून ३६ च्या १४४ केल्या, तर सायकलच्या हँडलला विमानाचा काचफलक बसवल्यासारखं होतं. जाहिरातीतल्या आलेखात याच फ्रेम मोजलेल्या असतील तर तो आलेख बाजूला ठेवावा. नियम सोपा: आधी खऱ्या साठेक फ्रेम, मग रचलेल्या.

केबल नावाची चाळणी

भाच्याला मी सहज विचारलं, "विंडोजमध्ये रिफ्रेश रेट किती दिसतोय?" उत्तर आलं: १००. मॉनिटर १४४ चा, मग हे कुठून आलं? त्याने जुनी एचडीएमआय केबल लावली होती.

३४४० × १४४०, १४४ हर्ट्झ, नेहमीचा २४ बिटचा रंग: नुसते ठिपकेच सेकंदाला १७ गिगाबिटच्या वर जातात. एचडीएमआय २.० मधून प्रत्यक्षात १४.४ गिगाबिटच जाते, त्यामुळे गाडी शंभराजवळ थांबते. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९२ जाते, तिथे १४४ आरामात बसतं. १७५ हर्ट्झ आणि ३० बिटचा रंग एकत्र हवा असेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ सुद्धा थोडक्यात अपुरं पडतं. तिथे माहिती दाबून पाठवण्याची सोय किंवा एचडीएमआय २.१, डिस्प्लेपोर्ट २.१ लागतं. ही केबल तशीच राहिली असती, तर नवं कार्ड आणूनही पडदा शंभरावरच अडला असता. मॉनिटरच्या खोक्यातली डिस्प्लेपोर्ट केबल लावून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ निवडलं आणि हा अडसर फुकटात दूर झाला. केबल मदरबोर्डला लावलेली नाही ना, तेही बघा. हसू येतं, पण ही चूक वारंवार होते.

वीज, ऊन आणि जागा

आरटीएक्स २०६० ला १६० वॉट पुरायचे. आजच्या मधल्या फळीतली कार्डं २२० ते ३०० वॉट घेतात. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉट देतो, आठ पिनची एक जोडणी १५०. बाकीचं गणित त्यावरून येतं. कंपन्यांची शिफारस अशी: आरएक्स ९०७० आणि आरटीएक्स ५०७० ला ६५० वॉटचा एसएमपीएस, ९०७० एक्सटी आणि ५०७० टीआयला ७५० चा, ५०८० ला ८५० चा. कार्ड क्षणभर नेमल्यापेक्षा जास्त वीज ओढतं, म्हणून काठावरचा एसएमपीएस ऐन रंगात संगणक बंद पाडतो. आठ पिनच्या दोन जोडण्या असतील तर त्यांना एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणाव्यात. नव्या बारीक सोळा पिनच्या जोडणीवर २०२२ मध्ये वितळण्याच्या तक्रारी आल्या होत्या; प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण ठरलं. तो खट्कन बसेपर्यंत दाबावा आणि तोंडाशीच केबल मोडून वाकवू नये.

परदेशी परीक्षणांत तापमान वातानुकूलित खोलीतलं असतं. पंखा कार्डाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड नागपूरच्या मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८३ कडे झेपावतं. पंखे किंचाळतात, मग कार्ड वेग कमी करतं. तीनशे वॉटचं कार्ड म्हणजे खोलीत चालू ठेवलेली छोटी शेगडीच. ड्रायव्हरमधून विजेची मर्यादा दहा टक्के खाली आणली तर फ्रेम सहसा थोड्याच कमी होतात आणि ताप बराच उतरतो. वीज जाते तिथे यूपीएसही बघावा: ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, असं कार्ड खेळाच्या भरात असताना तो आडवा होतो. विजेचं बिल म्हणाल तर ४०० वॉटचा संगणक रोज तीन तास चालला की महिन्याला ३६ युनिट.

शेवटी फूटपट्टी. कार्डं तीस सेंटिमीटरच्या पुढे गेली आहेत आणि अडीच-तीन स्लॉट व्यापतात. कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत आधी मोजा, मग पैसे द्या.

मग कोणतं?

२०२५ मध्ये आलेल्या पिढीत अल्ट्रावाइडच्या दृष्टीने चार पायऱ्या पडतात.

पहिली, १६ जीबीची ९०६० एक्सटी आणि ५०६० टीआय. चित्र वाढवण्याची सोय वापरून कथेचे खेळ ६०-८० च्या घरात खेळायचे असतील तर पुरेशी. १४४ चं स्वप्न फक्त हलक्या खेळांत.

दुसरी, आरएक्स ९०७० आणि आरटीएक्स ५०७०. अमेरिकेत दोघांची जाहीर किंमत ५४९ डॉलर होती. पहिल्याला १६ जीबी मेमरी आणि २२० वॉट, दुसऱ्याला १२ जीबी आणि २५० वॉट. डीएलएसएसचा आधार आणि जास्त खेळांतली साथ ही ५०७० ची बाजू. मेमरीत ९०७० उजवं.

तिसरी, ९०७० एक्सटी आणि ५०७० टीआय. जाहीर किंमत होती ५९९ आणि ७४९ डॉलर. दोन्ही १६ जीबी, दोन्ही सुमारे ३०० वॉट. रे ट्रेसिंगविना दोघं जवळजवळ चालतात. जड रे ट्रेसिंगमध्ये ५०७० टीआय पुढे जातं. अल्ट्रावाइड १४४ साठी नवा प्रोसेसर हाताशी असेल तर ही पायरी सर्वांत शहाणी.

चौथी, ५०८० आणि ५०९०. जाहीर किंमत होती ९९९ आणि १,९९९ डॉलर; वीज ३६० आणि ५७५ वॉट. ज्यांचा पडदा २४० हर्ट्झचा आहे किंवा दीड पट रुंद आहे, त्यांच्यासाठी.

आपल्याकडे यात १८ टक्के जीएसटी आणि आयातीचा खर्च मिळतो, शिवाय मेमरी चिपच्या भावाप्रमाणे दर हलत राहतात. म्हणून खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा आणि 'एका फ्रेमला किती रुपये' असा भागाकार करावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर हवाच. वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो. जुनं कार्ड घेत असाल तर समोर अर्धा तास जड खेळ चालवून पंखे, तापमान आणि चित्रातले ठिपके बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाच्याचं बजेट तिसऱ्या पायरीच्या वरच्या कार्डाचं होतं. प्रयोगातली ती नव्वद फ्रेमची भिंत बघून त्याने पैसे वाटून घेतले. कार्ड दुसऱ्या पायरीवरचं, आरएक्स ९०७०. एसएमपीएस ७५० वॉटचा. आणि त्याच एएम४ सॉकेटमध्ये बायोस अपडेट करून बसणारा, ९६ एमबी कॅशचा रायझन ७ ५७००एक्स३डी. मदरबोर्ड आणि रॅम जुनेच राहिले. आता कथेचे खेळ शंभरीच्या आसपास चालतात, आणि शर्यतीत आकडा १३८ ला टेकलेला असतो.

जुनं आरटीएक्स २०६० विकायचं ठरलं होतं. ते धाकट्या बहिणीच्या संगणकात गेलं. तिचा पडदा १०८०पी, ६० हर्ट्झचा: सेकंदाला साडेबारा कोटी ठिपके, एका फ्रेमला पावणेसतरा मिलिसेकंद. त्या अंगणात ते कार्ड अजून तरुण आहे.